विहीणबाईंची नेक डाय

विहीणबाई आमच्याकडे पहिल्यांदा राहायला आल्या त्या माझ्या हातचं जेवायला नाही, माझं गॅरेज वापरायला. तसं त्यांनी फोनवर सरळ सांगितलं. मला हायसं वाटलं, कारण माझ्या हातचं जेवायला कोणी मुद्दाम येत असेल तर त्या माणसाची काळजीच वाटायला हवी.

आम्ही अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो. नवरा आयटीतला. मी मात्र नोकरीची सगळी वर्षं गाड्यांचे पत्र्याचे भाग काढणाऱ्या डाय बनवण्यात घालवली. डाय म्हणजे पोलादी साचा. तो प्रेसमध्ये बसवायचा, त्यात सपाट पत्रा दाबायचा, की गाडीचा दरवाजा निघतो. हे मी इथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात इतक्यांदा समजावलं आहे की आता बायका मी तोंड उघडायच्या आधीच मान डोलवायला लागतात. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा शॉप फ्लोअरवर मला रोज कोणीतरी सांगायचं, "मॅडम, ऑफिस तिकडे आहे." इथे आले तर तेच वाक्य इंग्रजीत ऐकायला मिळालं. तेव्हापासून राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर कायमचा राहायला आला आहे.

लेकीने लग्न केलं ते मिशिगनच्या पार उत्तरेकडच्या एका मुलाशी. जावई गुणी आहे, दिवसभर लॅपटॉपवर असतो आणि कोळी दिसला तर माझ्या लेकीला हाक मारतो. त्याची आई म्हणजे या विहीणबाई. सत्तरी ओलांडलेल्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या, आणि दर नोव्हेंबरला जंगलात बसून स्वतः हरीण मारून फ्रीझर भरणाऱ्या. लग्नात माझ्या नवऱ्याने हट्टाने मला त्यांचे पाय धुवायला लावले. त्यांच्या गाऊनखाली गुडघ्यापर्यंत चामड्याचे बूट निघाले. मी तांब्या घेऊन उकिडवी बसलेली, आणि त्या वरून शांतपणे म्हणाल्या, "एकच धुणार की दोन्ही?" मला त्या तिथेच आवडल्या.

आमचं बोलणं अर्थातच इंग्रजीत चालतं. इथे मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे. त्यांना मराठी शब्द एकच येतो, 'विहीणबाई', आणि तो त्या मला हाक मारायला वापरतात.

तर त्यांचं काम असं होतं. आदल्या हिवाळ्यात त्यांचे यजमान गेले. यजमानांची एक जुनी रायफल होती, तिची काडतुसं आता दुकानात सहसा मिळत नाहीत. म्हणून ते वापरलेल्या पितळी पुंगळ्या जपून ठेवायचे आणि घरी पुन्हा भरायचे. भरायचं काम त्यांचं, नेम धरायचं बाईंचं, अशी संसारभर वाटणी. आता डबाभर रिकाम्या पुंगळ्या उरल्या होत्या आणि भरणारा माणूस नव्हता. फोनवर त्या म्हणाल्या, "या नोव्हेंबरला मी त्याची बंदूक घेऊन बसणार, नाहीतर ती विकून टाकणार. भिंतीवर टांगून तिच्याकडे बघत बसणारी बाई मी नाही."

मी विचारलं, "मग अडलंय कुठे?"

"डाय सेट करता येत नाही," त्या म्हणाल्या. "तू लग्नात सगळ्यांना सांगत होतीस, तू डाय करतेस म्हणून."

म्हणजे आयुष्यात कोणीतरी एकदा माझं भाषण शेवटपर्यंत ऐकलं होतं. मी त्यांना लगेच यायला सांगितलं.

त्या पिकअप ट्रक घेऊन आल्या तेव्हा नवरात्राचे दिवस होते. नवऱ्याने दारातच हात जोडले आणि दुसऱ्याच वाक्याला विचारलं, "बंदूक आणली आहे का?" बंदूक त्यांच्या घरी तिजोरीत होती, दारूगोळाही तिकडेच होता. इथे फक्त रिकाम्या पुंगळ्या, हाताने चालवायचा छोटा प्रेस आणि डाय. हे ऐकल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्याने चहा टाकला. आमच्या हॉलमध्ये घट बसले होते. विहीणबाई रोज सकाळी कॉफीचा मग घेऊन घटाचे अंकुर बघायच्या. त्या हरणांना भुलवायला रानात घास पेरतात, त्यामुळे त्यांना यातलं कळतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की माती फार ओली आहे, मुळं कुजतील. त्याने पाणी कमी केलं, आणि आमचे घट त्या वर्षी आले तसे कधीच आले नव्हते. मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकताना त्याने विहिणीचं श्रेय मात्र गाळलं.

आता नेक डाय म्हणजे काय ते सांगते. पुंगळीला बूड असतं, अंग असतं, खांदा असतो आणि वर बारीक मान असते. गोळी त्या मानेत घट्ट बसते. बंदूक उडाली की पुंगळी आतून फुगते आणि त्या बंदुकीच्या पोकळीला तंतोतंत चिकटते. मग तिची मान सैल होते, दुसरी गोळी धरत नाही. काही लोक अख्खी पुंगळी दाबून पुन्हा दुकानातल्या मापाची करतात. पण ती जर त्याच बंदुकीत जाणार असेल तर अंगाला हात लावायची गरज नसते. अंग त्या बंदुकीच्या मापाचं झालेलंच असतं, फक्त मान आवळायची. अंगाला छान बसलेला ब्लाउज असला की आपण शिंप्याकडे गळ्यापुरताच देतो ना, तसं. हे काम करणारी ती नेक डाय.

डाय प्रेसच्या माथ्यात आट्यांवर फिरवून बसवायची, तोंड खाली. पुंगळी खालच्या खोबणीत उभी ठेवायची. दांडा ओढला की पुंगळी वर चढते, मान डायमध्ये घुसते आणि आवळली जाते. डाय किती खाली उतरवायची यावर मान किती लांबीपर्यंत आवळेल ते ठरतं. ते माप एकदा जमलं की डायवरची रिंग प्रेसला टेकवायची आणि तिचा बारका स्क्रू अॅलन कीने, म्हणजे छोट्या षटकोनी किल्लीने, आवळायचा. मग डाय काढली-घातली तरी रिंग तिला बरोबर त्याच जागी थांबवते.

विहीणबाईंनी डब्यातून डाय काढली. यजमानांनी रिंग आवळून ठेवलेली होती. मी आत डोकावून बघितलं. लखलखीत होती. प्रेस बेंचला बोल्ट केला, डाय फिरवून बसवली, खालची खोबण वर आणली आणि मला चक्क फट दिसली. डाय आणि खोबण यांच्यात दोन पोस्टकार्डं सहज गेली असती. डब्यातल्या सूचनापत्रात लिहिलं होतं की डाय जवळजवळ टेकवायची.

"हे चुकलंय," मी म्हणाले. "असं ठेवलं तर मानेचा खालचा भाग आवळणारच नाही. शिवाय प्रेस हलवला आहे. आमच्याकडे प्रेस हलला की सगळं नव्याने सेट करतात. द्या ती अॅलन की."

"नाही."

"अहो, हे माझं काम आहे."

"असेल. रिंगला हात लावायचा नाही."

मी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. मला अॅलन की दिली नाही, आणि ती शर्टाच्या खिशात टाकून बटण लावलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्यावर ओरडले, कारण तो जवळ होता. लेकीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स हर थिंग. जस्ट लेट हर." एवढा खर्च करून वाढवलेली मुलगी आईची बाजू घेत नाही, हे मी तिला ऐकवलंच.

रात्रभर फणफणून झाल्यावर सकाळी आंघोळ करताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती रिंग त्यांच्या यजमानांनी आवळली होती. घरातले कपडे वाटून झाले, औषधं टाकून झाली, पण हा एक स्क्रू अजून त्यांच्याच हाताने आवळलेला होता. तो सैल केला की संपलं. मला एकदम रडू आलं आणि स्वतःचाच राग आला. तरी फट चुकीची होती या मतावर मी ठाम होते. दुःख दुःखाच्या जागी, सेटिंग सेटिंगच्या जागी.

मी जाऊन म्हणाले, "ठीक आहे. त्यांच्याच मापावर करून बघू. आजच सुरू करू." आणि गॅरेजचं दार उघडलं.

आत माझा नवरा सोवळं नेसून उभा होता.

खंडेनवमी होती. मी विसरले होते, तो कशाला विसरेल. त्याने सतरंजीवर अंगणातला बर्फ उडवायचा स्नोब्लोअर, ड्रिल मशीन, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, स्वतःचा लॅपटॉप, इलेक्ट्रिक कुकर आणि माझं मापं घ्यायचं कॅलिपर मांडलं होतं. मध्यभागी पाटावर, मानाच्या जागी, विहीणबाईंचा प्रेस. बेंचवरून बोल्ट काढून आणला होता. शेजारी डाय उभी करून ठेवली होती. ज्या माणसाला खिळा ठोकायला मी लागते त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाना चालवला, तो यासाठी. फोनवर पुण्याचे गुरुजी पूजा सांगत होते आणि मधेमधे आवाज अडकत होता.

"अरे, हे काय?" मी म्हणाले.

"अगं, शस्त्रपूजा! इतकी वर्षं आपण स्नोब्लोअरवर भागवत होतो. या वर्षी घरात जेन्युइन शस्त्र आहे, यार."

"ते शस्त्र नाही. ते पितळेच्या माना आवळायचं यंत्र आहे."

"शस्त्राचं सपोर्टिंग इक्विपमेंट," तो म्हणाला. तो प्रोजेक्ट मॅनेजर आहे.

विहीणबाई मात्र खूश झाल्या. त्यांनी टोपी काढली. नवऱ्याने प्रेसला हळदकुंकू वाहिलं, बागेतला झेंडू वाहिला आणि कुंकवात भिजवलेल्या अक्षता मूठभर उधळल्या. मग त्याने सांगितलं की आज अवजारांना सुट्टी, आज काही वापरायचं नाही. आमच्या घरात हा नियम तो स्वतःच पाळत नाही, दुपारी लॅपटॉप उघडून बसतो. पण विहीणबाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. वर्षातून एक दिवस तरी मिळायला हवा." मी काम सुरू करू म्हटलं तर त्यांनी मलाच दटावलं. संध्याकाळी कुकर लावायलाही त्यांनी मला बंदी केली, आणि आम्ही पिझ्झा मागवला.

दसऱ्याला सकाळी मी प्रेस पुसून पुन्हा बेंचला घट्ट केला. डाय वरून पुसली आणि फिरवून बसवली. आत बघितलं नाही. दोन दिवसांपूर्वी बघितलं होतं, तेव्हा ती आरशासारखी होती.

दांडा विहीणबाई ओढणार होत्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या सांध्याची झीज झाली आहे, पकड कधी कधी सुटते. पहिली पुंगळी त्यांनी खोबणीत लावली, मानेला तेलाचं बोट फिरवलं, दांडा ओढला. बाहेर आली तेव्हा मानेवर खोच पडली होती, कोणी नख दाबल्यासारखी लांबट.

"हात हिसकला," त्या म्हणाल्या.

दुसरीवर तशीच खोच. तिसरी त्यांनी इतकी हळू घेतली की मीच श्वास धरून बसले. तीही बिघडली. चौथी बिघडल्यावर त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि अंगठा चोळत बसल्या. त्या पुंगळ्या बाजारात मिळणाऱ्या नव्हत्या. प्रत्येक बिघडलेली पुंगळी म्हणजे त्या बंदुकीचा एक बार कमी.

आणि त्या वेळी मी काय बोलावं? मी म्हणाले, "मी सांगत होते. सेटिंगच चुकीचं आहे."

त्यांनी खिशाचं बटण काढलं, अॅलन की काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली.

"तो नेहमी म्हणायचा, मी दांडा हिसक्याने खेचते," त्या म्हणाल्या. "सेटिंग चुकीचं नाही, विहीणबाई. हात चुकीचा आहे. तरी तुला सैल करायचंय तर कर. मला काही फरक पडत नाही. तिकडचा शेजारी बंदूक विकत मागतोच आहे."

त्यांना फरक पडत होता हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मी अॅलन की उचलली. खरं सांगते, हात शिवशिवत होते. आवडत्या माणसापुढे आपलं खरं ठरणार असेल तर त्याची चव काही वेगळीच असते. मी की स्क्रूत बसवलीसुद्धा.

पण इतक्या वर्षांची सवय सुटत नाही. आमच्या प्लँटमध्ये पार्टवर डाग आला की भांडण सुरू होण्याआधी एक गोष्ट बघायची: डाग प्रत्येक पार्टवर एकाच बाजूला येतो की जागा बदलतो. जागा बदलत असेल तर माणसाकडे बघा. एकाच बाजूला येत असेल तर माणसाला घरी पाठवून डाय उघडा. कित्येक ऑपरेटरांना मी या एका नियमावर शिव्यांपासून वाचवलं होतं. आणि स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या विहिणीच्या बाबतीत, मला तो आठवायला की स्क्रूत घालावी लागली.

मी की काढली. बिघडलेल्यातली एक पुंगळी घेतली, नाहीतरी ती वायाच गेली होती. तिची खोच पार उलट्या बाजूला, भिंतीकडे येईल अशी फिरवून खोबणीत ठेवली.

"ओढा," मी म्हणाले. "आणि मुद्दाम जोरात ओढा. अगदी हिसका द्या."

त्यांनी हिसका दिला. पुंगळी बाहेर आली. जुनी खोच भिंतीकडे होती, आणि समोर, स्नोब्लोअरच्या बाजूला, नवी खोच पडली होती. दुसरी बिघडलेली पुंगळी मी माझ्या हाताने ओढली, लोण्यासारखी हळू. तिलाही खोच स्नोब्लोअरच्याच बाजूला.

"तुमचा हात नाही," मी म्हणाले. "हात असता तर खोच कुठेही पडली असती. यंत्राला हात कळत नाही. आत काहीतरी आहे."

मी डाय फिरवून बाहेर काढली, रिंग होती तशीच ठेवून. फोनचा टॉर्च लावून आत बघितलं. मानेच्या भागात, भिंतीला घट्ट चिकटून, कुंकवाने लाल झालेला, तेलात मळलेला आणि चिरडलेला एक तांदूळ बसला होता. पाटावर डाय तोंड वर करून ठेवली होती ना. नवऱ्याने श्रद्धेने मूठभर उधळल्या होत्या, त्यातली एक अक्षता बरोबर देवाच्या इच्छेने आत गेली होती.

मी त्याला अशी हाक मारली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. तो धावत आला. मी टॉर्च त्याच्या हातात दिला आणि डाय डोळ्याला लावायला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला.

"अक्षता आहे का गं ती?"

"नाही, बासमती पुलाव आहे."

त्याचा चेहरा इतका पडला की मला त्याची दया आली असती, पण मी ती येऊ दिली नाही. तो विहीणबाईंकडे वळून 'सॉरी' म्हणणार इतक्यात त्यांना हसू फुटलं. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या. मग चिमट्याने आणि फडक्याने त्यांनीच तो तांदूळ काढला, स्पिरिटने आतली भिंत पुसली आणि डाय पुन्हा बसवली. रिंग टेकली.

पाचवी पुंगळी स्वच्छ निघाली. मी कॅलिपर लावलं. मान हवी तेवढी आवळली होती, आणि तळाशी खांद्याजवळ एक बारीक पट्टी न आवळता सोडलेली होती. ज्याला मी चुकीचं म्हणत होते ते. आता मी नीट विचार केला. ती न आवळलेली पट्टी बंदुकीच्या पोकळीत फिट्ट बसणार, आणि तिच्या आधाराने पुंगळी, पर्यायाने गोळी, अगदी मधोमध राहणार. त्या गृहस्थांनी फट मुद्दाम ठेवली होती. मला हे कबूल करणं जिवावर आलं, पण बोलले.

"त्यांचं बरोबर होतं."

"सहसा असायचं," विहीणबाई म्हणाल्या. "त्याचाच तर त्रास होता."

दुपारपर्यंत आम्ही डबा संपवला. त्या ओढायच्या, मी पुसून मोजायची. हात एकदाही चुकला नाही. शेवटची पुंगळी डब्यात ठेवल्यावर त्यांनी डाय बाहेर काढली, अॅलन की उचलली आणि माझ्या डोळ्यांदेखत रिंगचा स्क्रू सैल करून रिंग गर्रकन फिरवली.

"अहो, काय करताय!" मी किंचाळलेच.

"त्याच्या पुंगळ्या झाल्या," त्या म्हणाल्या. "आता मला शिकव."

"पण मग दोन दिवस..."

"दोन दिवस हात लावू दिला नाही म्हणून तुला राग आला. मला चाळीस वर्षं त्याने हात लावू दिला नाही. तू दांडा खेचतेस, तू राहू दे, मी करतो. आज तूच म्हणालीस ना, माझा हात नाही म्हणून." त्यांनी रिंग अजून एकदा फिरवली. "प्रेमाने करायचा गं सगळं. पण मी काल ट्रकमध्ये बसून विचार करत होते, ही रिंग चुकून कधी सैल झाली तर मी काय करणार. पुन्हा तुझं गॅरेज शोधत येणार?"

मी शिकवायला लागले. ते मला येतं. दांडा पूर्ण ओढून खोबण वर आणा. डाय फिरवत खाली न्या, टेकली की थांबा. आता मागे फिरवा. किती, ते पुंगळीलाच विचारायचं, त्यासाठी तिची मान काळी करायची आणि काळं कुठपर्यंत पुसलं जातं ते बघायचं. प्लँटमध्ये यासाठी निळा रंग असतो. घरात तो नव्हता. मी बिघडलेली एक पुंगळी चिमट्यात धरली, हॉलमध्ये गेले आणि तिची मान काजळी धरेपर्यंत घटापुढच्या समईच्या ज्योतीवर धरली.

"अगं!" नवरा ओरडला.

"तुझ्या देवाने बिघडवलं, आता त्याच्याच समईने दुरुस्त होऊ दे," मी म्हणाले. त्याने समईची वात सारखी केली. त्या दिवशी त्याला दुसरा पर्याय नव्हता.

काळ्या मानेची पुंगळी विहीणबाईंनी डायमध्ये घातली, काढली, काळं किती पुसलं ते चष्म्याच्या खालून बघितलं, डाय जराशी उतरवली, पुन्हा काजळी, पुन्हा बघितलं. दुखऱ्या अंगठ्याने त्या डाय इतकी थोडी फिरवायच्या की ती फिरली की नाही हे मला दिसत नव्हतं. शेवटी त्या थांबल्या. मी कॅलिपर लावलं. यजमानांच्या मापापेक्षा पट्टी केसभर बारीक राहिली होती.

"त्यांच्यापेक्षा जरा खाली उतरली आहे," मी म्हणाले.

"मला इथे बरी वाटते," त्या म्हणाल्या, आणि रिंगचा स्क्रू आवळला.

नोव्हेंबरात काय झालं ते इथेच सांगून टाकते, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. काडतुसं त्यांनी घरी स्वतः भरली, त्या बसल्या, हरीण आलं, फ्रीझर भरला. उडालेली रिकामी पुंगळी त्यांनी त्याच रिंगने पुन्हा आवळली. आमच्या वाट्याचं मांस पांढऱ्या कागदात गुंडाळून आलं. नवरा ते गॅरेजच्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि फ्रिज उघडताना दुसरीकडे बघतो.

पण दसऱ्याची संध्याकाळ राहिली. विहीणबाई सामान बांधत होत्या. डाय पुसून डब्याशेजारी उभी ठेवली होती, तोंड वर. तेवढ्यात गॅरेजच्या दारात नवरा आला. हातात ताट, ताटात निरांजन, हळदकुंकू आणि अक्षतांची वाटी. आपट्याची पानं इथे मिळत नाहीत, म्हणून मागच्या अंगणातली पिवळी पडलेली मेपलची पानं सोनं म्हणून आणली होती. त्याला झालेल्या प्रकाराचं प्रायश्चित्त म्हणून पुन्हा एकदा, नीट, पूजा करायची होती. त्याने अक्षतांची चिमूट उचलली.

"नाही!" आम्ही दोघी एकदम ओरडलो. मी डायवर हात झाकला.

तो चिमूट तशीच धरून उभा राहिला. ती त्याला खाली ठेवताही येईना. विहीणबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पुढे झाल्या आणि आपला उजवा हात त्याच्यापुढे धरला. तळवा वर, अंगठ्याचा सुजलेला सांधा त्याच्या बाजूला.

"तिथे नको," त्या म्हणाल्या. "इथे टाक."

त्याने वाकून त्यांच्या अंगठ्याला कुंकू लावलं आणि तळव्यावर अक्षता ठेवल्या. दिवसभर तेलात काम केलेला हात होता. त्यांनी तो पुसला नाही, मूठही मिटली नाही. एका हाताने ट्रक चालवत त्या गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या, आणि तांदूळ चिकटलेला दुसरा हात त्यांनी वर धरला होता, तो आम्हाला मागच्या काचेतून वळणापर्यंत दिसत होता.